रटगर्स सोडून बॅरेट : ऑनर्स कॉलेजचा पहिल्या वर्षाचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनचे. रटगर्स हे आमच्या राज्याचं विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, मुलीला तिथल्या ऑनर्स कॉलेजात (हुशार मुलांसाठी विद्यापीठाच्या आतच असलेलं निवडक कॉलेज) प्रवेशही मिळाला होता, तोसुद्धा राज्यातल्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी, म्हणजे इन-स्टेट फीमध्ये. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये ती अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात, टेंपीला गेली. गणपतीत भेटणारं प्रत्येक जण विचारायचं, "हातचं सोडून वाळवंटात कशाला धाडलीत?" आता सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे, म्हणून हे सविस्तर.

आधी पैशाचं. न्यू जर्सीतल्या पालकांनी पीएसएटी या शालेय परीक्षेच्या गुणांवर मिळणाऱ्या नॅशनल मेरिट स्कॉलरशिपवर फार विसंबू नये. पीएसएटीचा कटऑफ राज्यागणिक वेगळा असतो. २०२५ मध्ये हायस्कूल संपवणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे तो २२८ पैकी २२५ होता, वेस्ट व्हर्जिनियात २०८. म्हणजे तिकडे जे गुण मिरवता आले असते, त्यांवर इथे 'कमेंडेड'चं, म्हणजे नुसत्या कौतुकाचं पत्र मिळतं आणि विषय संपतो. तेव्हा उरतात विद्यापीठांच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपा. तिथे पत्रावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि खाली आपल्या खिशातून किती जाणार ते मांडा. स्कॉलरशिप बहुतेक ठिकाणी ठरावीक डॉलरची असते. फी मात्र दरवर्षी चढते, म्हणजे चौथ्या वर्षी तीच रक्कम तोकडी पडते. बॅरेटची दर सेमिस्टरला वेगळी ऑनर्स फी आहे, ती त्यात धरा. डॉर्म, मेस आणि विमानाची तिकिटंही धरा. थँक्सगिव्हिंगचं तिकीट तर डोळे पांढरे करतं. आणि स्कॉलरशिप ट्यूशन-पुस्तकांपेक्षा जास्त मिळून राहण्या-जेवणाला लागली, तर तेवढ्या रकमेवर कर बसतो. आमच्यावर ती वेळ आली नाही.

सगळा हिशोब करून रटगर्स स्वस्तच पडत होतं, हेही सांगून टाकते. तरी बॅरेट का? मुलीला ग्रहांचं भूविज्ञान शिकायचंय. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानावरच्या कॅमेऱ्याचं कामकाज कित्येक वर्षं याच विद्यापीठातून चालत होतं, आणि सायकी लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या मोहिमेचं नेतृत्वही याच विद्यापीठाकडे होतं. हे नसतं तर मी तिला घराजवळच ठेवलं असतं.

तिसरंही एक विद्यापीठ होतं, नाव घेत नाही. स्कॉलरशिप त्यांचीच सगळ्यात मोठी. पण मेजर (मुख्य विषय) बदललं तर ती टिकते का, एवढं विचारायला फोन केला, तर एक ऑफिस दुसऱ्याकडे टोलवायचं आणि दुसरं पहिल्याकडे. लेखी उत्तर काही आलं नाही, म्हणून प्रवेश पक्का करायच्या एक मेच्या मुदतीच्या आत आम्हीच नाव काढलं.

आता प्रत्यक्ष ऑनर्सचं. पहिल्या वर्षी 'ह्यूमन इव्हेंट' नावाचा दोन सेमिस्टरचा सेमिनार सगळ्यांना सक्तीचा. पहिल्यात प्राचीन काळातले ग्रंथ, दुसऱ्यात अलीकडचे. वर्ग लहान, त्यामुळे न वाचता जाऊन मागे लपायची सोय नाही. आमची मुलगी मुळात अबोल, गणितात रमणारी. सुरुवातीला फोनवर रडकुंडीला यायची : "आई, मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो." मग तिनं एक युक्ती काढली. आदल्या रात्री दोन प्रश्न वहीत लिहून न्यायचे आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्यातला एक विचारून मोकळं व्हायचं. डिसेंबरात घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर वडिलांना म्हणाली, "बाबा, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणताय?" माझ्या मते फीचे पैसे इथे वसूल झाले.

दुसरा खरा फायदा म्हणजे कोर्सच्या रजिस्ट्रेशनला आधी नंबर लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हव्या त्या वेळेच्या लॅबमध्ये जागा मिळाली की आठवडा सुटसुटीत होतो. ऑनर्सचं वेगळं संकुल, स्वतःचं भोजनगृह वगैरे छान आहे. पण टूरवर आईबाप त्यालाच भुलतात, त्यावर निर्णय घेऊ नये.

मधल्या दोन वर्षांचं मात्र नीट समजून घ्या. नेहमीच्याच कोर्समध्ये जादा काम करून त्याला ऑनर्सचा दर्जा मिळवायचा, याला तिथे 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात, आणि ते प्राध्यापक तयार झाले तरच होतं. म्हणजे त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत (ऑफिस अवर्समध्ये) जाऊन स्वतः विचारावं लागतं. शेवटी प्रबंध आहेच, आणि ऑनर्सची पदवी हवी तर ३.२५ जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो. स्कॉलरशिप टिकवण्याच्या अटी याहून वेगळ्या असतात. दोन्ही एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. जे मूल कुणाला विचारायलाच बिचकतं, ते ऑनर्सच्या नावाखाली फी भरून साधंच कॉलेज करून येईल.

ऑगस्टमधला चाळीसच्या वरचा उन्हाळा सोसावा लागतो, त्याला इलाज नाही.

धाकटा आता अकरावीत आहे. त्याला कॉम्प्युटर सायन्स करायचंय, आणि त्यासाठी एवढ्या लांब जायचं सबळ कारण मला तरी दिसत नाही. त्याच्या यादीत रटगर्स पहिलं.