रावपुऱ्यातला खिळ्यांचा छापखाना: काम झकास, घाई असेल तर जाऊ नका

बडोद्यात मुंजीच्या पत्रिका अजूनही खिळ्यांवर, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून, छापून मिळतात. रावपुरा टॉवरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. दुकानाचं नाव लिहू नका, असं मालकांनीच बजावलंय. म्हणतात, लोक फोटो काढायला येतात, काम घेऊन कोणी येत नाही.

नातवाच्या मुंजीच्या दीडशे पत्रिका तिथे करून घेतल्या. सूनबाईंनी मोबाइलवर नमुना दाखवला होता, त्यात अक्षर कागदात चांगलं खोल रुतलेलं. मालक काकांनी (वयाने मीही काकाच, पण तिथे सगळे त्यांनाच काका म्हणतात) तो बघून सरळ नाही म्हटलं. त्यांच्या उमेदीच्या काळात कागदाच्या पाठीला उठाव दिसला तर मशीनवाल्याला बोलणी बसायची. खिळा नुसता टेकला पाहिजे आणि शाई उतरली पाहिजे, संपलं. खिळा शिशाचा, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. जाड कागदावर दाबून मारला की त्याचं तोंड चपटं होतं, आणि घरातले देवनागरी खिळे झिजले तर नवे ओतून कोण देणार? खोल ठसा हवाच असेल तर पॉलिमरची (प्लास्टिकसारखी, मजकूर उठावात असलेली) प्लेट करून आणा, ती हवी तेवढी दाबतो. शेवटी तडजोड झाली: गणपती आणि बटूचं नाव प्लेटवर खोल, बाकी सगळा मजकूर खिळ्यांवर. आता दोन्ही शेजारी शेजारी बघतो तेव्हा काकांचंच पटतं. खोल ठशाकडे आधी लक्ष जातं हे खरं, पण वाचायला खिळ्यांचा मजकूर सुखाचा.

खरी गंमत जुळणीची, म्हणजे खिळे वेचून ओळी लावण्याची. काकांकडे गुजराती खिळ्यांच्या केसी (खणाखणांचे ट्रे) भरलेल्या, देवनागरीचा मात्र एकच संच, तोही बहुतेक हिंदी कामासाठी घेतलेला. त्यामुळे ‘ळ’चा खण जवळजवळ रिकामा. आमच्या मजकुरात सोहळा, मंगळवार, सकाळी, वेळ, आजोळची मंडळी! काकांनी स्टिक (खिळे जुळवायची पट्टी) हातात धरून शांतपणे विचारलं, ‘सोहळ्याऐवजी समारंभ चालेल का?’ चालवला. ‘सकाळी’च्या जागी ‘प्रातःकाली’ आलं आणि पत्रिका आपसूक पन्नास वर्षं जुनी वाटायला लागली. मंगळवार काही बदलता येईना, तिथे उरलेला ‘ळ’ खर्ची पडला.

प्रूफ मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. रफार आणि अनुस्वाराचा जो भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतो तो नाजूक असतो, जरा धक्का लागला की तुटतो. आमच्या पहिल्या प्रुफात आडनावावरचा रफारच गायब होता. काकांनी चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवला. शिरोरेषाही जागोजागी किंचित तुटलेली दिसते. मला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना संगणकासारखी सलग रेघ हवी त्यांनी ऑफसेटकडे जावं.

मशीन ट्रेडलच, म्हणजे मुळात पायाने चालवायचं, फक्त पायट्याऐवजी आता मोटर आणि पट्टा. कागद एकेक करून हातानेच लावतात. सुरुवातीला एक ओळ फिकी उठत होती, तर मशीनवरच्या भाईंनी पतंगाच्या कागदाएवढ्या पातळ कागदाचे कपटे फाडून नेमके त्या ओळीच्या मागे, पॅकिंगवर (छापायच्या कागदामागच्या कागदांच्या थरावर) चिकटवले. एक उतारा काढला, भिंगाने बघितला, अजून एक कपटा. अर्धा तास यातच गेला आणि छपाई मात्र चहा येईपर्यंत संपलीसुद्धा. पैसे घेतात ते या अर्ध्या तासाचे, हे माझ्यासारख्या जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाला एकदम मान्य.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेला काम मिळालं नाही. मधे बिलबुकांवर नंबर मारायचं काम आलं, आणि छापखान्याचं पोट त्यावरच चालत असल्याने पत्रिका मागे पडल्या. फोन उचलत नाहीत. खर्च ऑफसेटच्या अडीचपट आला, प्लेटचे वेगळे. पावती मिळते, ती ऑफसेटवर छापलेली.

कागद स्वतःचा न्या. त्यांच्याकडचं आर्टकार्ड चकचकीत, त्यावर शाई वाळायला वेळ लागतो आणि गठ्ठ्यात डाग उमटतात. आम्ही पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद नेला होता, शाई मस्त धरली. फक्त हातकागदाच्या कडा वेड्यावाकड्या असतात, त्या मशीनच्या पिनांना (कागद जागेवर बसवायच्या) सरळ टेकत नाहीत आणि समास हलतो. लागून असलेल्या दोन कडा आधी कापून घ्या, झालर हवी तर उरलेल्या दोन बाजूंना ठेवा. पहिल्या पंचवीस-तीस पत्रिका तिरक्या निघाल्यावर हे भाईंनी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. त्या पत्रिका घरच्यांना वाटल्या.