निवृत्त ग्रेहाउंडना घर देणारी रेडिंगजवळची संस्था: आमचा अनुभव

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी घरात कुत्रा आणायचं चाललं असेल, तर पिल्लू विकत घेण्याआधी एकदा शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या संस्थेत जाऊन या. आम्ही ऑक्टोबरमध्ये रेडिंगजवळच्या अशाच एका संस्थेतून काजळला आणलं. चार वर्षांची, काळीभोर, दोन्ही कानांत ओळखीचं गोंदण. दोन्ही कानांत असलं म्हणजे कुत्रं आयर्लंडचं. इथे नोंदलेल्यांच्या फक्त उजव्या कानात असतं. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला शर्यती सुरू झाल्या, तेव्हापासून एकच गोष्ट चाललीय: चार-पाच वर्षांत कुत्रं धावपट्टीवरून बाद होतं आणि पुढची सात-आठ वर्षं कुठे काढायची हा प्रश्न उरतो.

अर्ज भरल्यावर एक बाई घर बघायला आल्या. कुंपण टेपने मोजलं, खालच्या फटी वाकून बघितल्या, मग स्वयंपाकघरात आल्या. आईने शिऱ्यासाठी मनुका भिजवल्या होत्या. त्या वाटीकडे बोट दाखवून त्यांनी बजावलं, मनुका आणि कांदा कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. आमच्या घरात कांदा नाही असा दिवस नसतो, त्यामुळे हे आधीच कळलं ते फार बरं झालं.

मला फोटोतली बदामी रंगाची कुत्री हवी होती. त्यांनी सरळ नाही सांगितलं: तुमच्या शेजारी मांजर आहे आणि ही कुत्री मांजर दिसली की सुटते. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी ऐकलं नाही तेच योग्य.

देणगी २७५ पौंड. त्यात नसबंदी, लसी, चिप, दातांची सफाई, रुंद पट्टा, मुसकं आणि थंडीचा कोट. पट्टा रुंदच लागतो, कारण यांची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि साध्या पट्ट्यातून डोकं अलगद निसटतं. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून कोट. आई त्याला झूल म्हणते. आई जतची. काजळला बघताक्षणी म्हणाली, "अगं, ही तर आपली कारवानी!" कारवानी म्हणजे आपल्याकडची शिकारी कुत्र्यांची जात. तीच खोल छाती, तेच आत गेलेलं पोट.

काजळ जन्मभर केनेलमध्ये राहिलेली, जिना तिने पाहिलाच नव्हता. पहिल्या पायरीपाशी उभी राहून मागचे पाय लटलट कापायचे. संस्थेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, एकाने पुढे बसा, एकाने मागून एकेक पंजा उचलून वर ठेवा. आई भाकरीचे तुकडे घेऊन तिसऱ्या पायरीवर बसली, मी मागे. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पहाटे ती आपणहून वर आली आणि पलंगाशेजारी उभी राहून माझ्या हाताला नाक लावलं. मला रडूच आलं.

तक्रारी दोन आहेत. पहिल्याच शनिवारी तिला जुलाब लागले आणि संस्थेचा फोन सोमवार दुपारपर्यंत कुणी उचलला नाही. दवाखाना आम्हीच शोधला. दुसरी जास्त गंभीर. तिच्या मागच्या उजव्या पायाचं हाड पूर्वी मोडलं होतं, आणि ते कागदांत एका ओळीत लिहिलेलं होतं. तोंडाने कुणी बोललं नाही. शर्यतीत कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने वळतात, त्यामुळे त्याच पायावर ताण येतो, हे आम्हाला ती लंगडायला लागल्यावर डॉक्टरांकडून कळलं. काम इतक्या मायेने करणाऱ्यांनी एवढं तरी समोर बसवून सांगायला हवं होतं.

तरीही तिथे जाच. गेलात की जखमांचा कागद मागून घ्या, झोपलेल्या कुत्र्याला हाक मारल्याशिवाय हात लावू नका, आणि काळी कुत्री आधी बघा. त्यांना कुणी लवकर नेत नाही, असं त्या बाई म्हणाल्या. काजळ तिथे सात महिने होती.