एकदा दाबा, दोनदा मिळवा: मेकॅनिकल कीबोर्ड, आठ महिन्यांनंतर

ब्लू स्विच (प्रत्येक बटणाखालचा खट वाजणारा स्विच), ८७ बटणं, हॉट-स्वॅप (स्विच उपटून बदलता येण्याची सोय) वगैरे तुम्ही डब्यावर वाचलंच असेल. मी एकाच बटणाबद्दल लिहिणार आहे. बॅकस्पेसच्या डावीकडचं, बरोबरच्या चिन्हाचं.

घेतला ३,४५० रुपयांना, आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून. त्याआधीचा ४५० रुपयांचा साधा कीबोर्ड सहा वर्षं चालला, तक्रार शून्य. पण पुण्याच्या टीमच्या कॉलवर जो तो आपल्या कीबोर्डची खटखट ऐकवायचा. इंदूरहून घरी बसून काम करतो म्हणून आपणच का मागे राहायचं, या खुमखुमीत पैसे गेले. खरं तर दिवसातला बराच वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात जातो, आणि हल्ली उरलेल्यातला निम्मा कोड एआय सुचवतो, मी नुसतं टॅब दाबतो. असो. पहिले पाच महिने मजेत गेले, माझे. रामबागेतल्या घरात बाबांची दुपारची झोप उडाली. जन्मभर ऑफिसात टाइपरायटर बडवलेला माणूस. म्हणाले, "रिटायर झालो ते पुन्हा हेच ऐकायला?"

सहाव्या महिन्यात ते बटण एकदा दाबलं की मधूनच = दोनदा उमटायला लागलं. दर वेळी नाही, वीस-पंचवीसदा एकदा. एखादं अक्षर दोनदा आलं तर डोळ्याला खुपतं. पण = दोनदा आलं की == होतं, आणि मी ज्या भाषेत कोड लिहितो त्या जावास्क्रिप्टला ते बिनदिक्कत चालतं. एका = चा अर्थ 'ही किंमत ठेव'. दोनचा अर्थ 'तशीच आहे का बघ', आणि बघून झाल्यावर कोणी उत्तर विचारत नाही. एरर नाही, लाल रेघ नाही. लिंटरमध्ये, म्हणजे कोडातल्या संशयास्पद ओळी दाखवणाऱ्या साधनात, यासाठी नियम असतो, आमच्याकडे तो बंद होता. पैसे भरलेल्या ऑर्डरी दिवसभर 'बाकी' दिसत राहिल्या.

तो कोड तिघांनी तपासला होता. एकाने स्पेस कमी आहे म्हणून टोकलं, दुसऱ्याला व्हेरिएबलचं नाव लांब वाटलं, तिसऱ्याने नुसतं 'एलजीटीएम', म्हणजे 'मला ठीक दिसतंय', लिहिलं. अल्गोल, पास्कल या जुन्या भाषांत किंमत ठेवायला := लिहितात. तिथे = दोनदा पडलं असतं तर कंपाइलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, जागच्या जागी कान धरला असता. बी आणि मग सी भाषेत ते टिंब-टिंब गळालं, जावास्क्रिप्टने सीचंच उचललं, आणि माझ्या वाट्याला हे आलं.

वॉरंटी वर्षाची, म्हणून सर्व्हिस सेंटर गाठलं. आधी बिल, मग मूळ डबा, मग बिघाडाचा व्हिडिओ. एकोणीस दिवसांनी कीबोर्ड परत, वर चिठ्ठी: बिघाड आढळला नाही. काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर नोटपॅड उघडून ए, एस, डी दाबून दाखवलं. मी म्हटलं, भिया, बरोबर का निशान दबाओ. त्याने चारदा दाबलं, चारच उमटले. "सर, कभी डबल आए तो एक मिटा देना." तीन फेऱ्यांचं पेट्रोल गेलं ते वेगळंच.

विंडोजमधल्या फिल्टर कीज या सोयीनेही करून पाहिलं. तेच बटण अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा दाबलं तर ते मोजतच नाही. मग मला खरोखर == हवं असेल तेव्हा मध्ये श्वास घेऊन थांबायचं. दुपारपर्यंत बंद केलं.

इथवर लिहून एक स्टार देणार होतो. हा मसुदा मग तसाच पडून राहिला, आणि मधल्या काळात मत बदललं.

स्विचच्या आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटताना काही मिलिसेकंद थरथरतात. कीबोर्डमधली चिप तेवढा वेळ दुर्लक्ष करते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की थरथर लांबते आणि चिपला वाटतं दोनदा दाबलं. म्हणजे दोष एका स्विचचा, कीबोर्डचा नाही. आणि हॉट-स्वॅप, ज्याला मी दुकानात 'फालतू चोचले' म्हणालो होतो, त्यात स्विच सोल्डरिंग न करता निघतो. यूएसबी काढली, डब्यातल्या चिमट्याने = चा स्विच उपटला, स्क्रोल लॉकचा उपटला आणि अदलाबदल केली. स्विचचे धातूचे पाय वाकडे होऊ नयेत म्हणून सरळ दाबायचं, एवढंच. पाच मिनिटं, खर्च शून्य. स्क्रोल लॉक आता खुशाल दोनदा लागो, मी तो या जन्मात दाबलेला नाही.

दीड महिना झाला, = एकदाच उमटतंय. चार स्टार. एक सर्व्हिस सेंटरसाठी कापला. लिंटरचा नियमही चालू करून घेतला, त्या दिवशी दुसऱ्यांच्या कोडमध्येही अशा दोन ओळी सापडल्या, आणि त्यांचे कीबोर्ड तर ठणठणीत आहेत.

काल बॅकस्पेसने एकाऐवजी दोन अक्षरं खाल्ली. पॉजचा स्विच अजून शिल्लक आहे.