सबमॉड्यूल की सबट्री?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. सामायिक लायब्ररी, म्हणजे अनेक ठिकाणी वापरायचा तयार कोड, मोठ्या गिट प्रकल्पात ठेवायची तर सबमॉड्यूल आणि सबट्री हे दोन रस्ते समोर येतात.

सबमॉड्यूलमध्ये लायब्ररीचा कोड मुख्य रेपोत (प्रकल्पाच्या साठ्यात) येतच नाही. येते फक्त एका कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) खूण, म्हणजे 40 अक्षरी हॅश, आणि लायब्ररीचा पत्ता 'गिटमॉड्यूल्स' फाइलमध्ये. नेमकी कोणती आवृत्ती वापरतोय, हे त्यामुळे लख्ख दिसतं. पण नवा सहकारी साधं क्लोन करतो, म्हणजे रेपोची प्रत उतरवून घेतो, आणि फोल्डर रिकामं! 'रिकर्स-सबमॉड्यूल्स' हा पर्याय द्यायचा राहिलेला असतो. दुसरी चूक जास्त महागात पडते: लायब्ररीत बदल केला, मुख्य रेपो पुश केला (सर्व्हरवर पाठवला), पण लायब्ररीचा कमिट आपल्याच मशीनवर राहिला. मग बाकीच्यांना तो हॅश सापडतच नाही. मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

सबट्रीत फाइली खरोखर आत येतात. क्लोन केलं की काम सुरू, टीमला वेगळं काही शिकवावं लागत नाही. बदलांचा इतिहास फुगतो, पण अनेक कमिट एकात मिसळणाऱ्या 'स्क्वॉश'ने बराच आवरतो. बदल मूळ लायब्ररीकडे परत पाठवणं मात्र किचकट, आणि मोठ्या इतिहासावर फार संथ.

लायब्ररीत रोज हात घालणार असाल तर मी सबमॉड्यूलच घेईन. नुसती वापरायची असेल, तर सबट्री.