प्रायमरीत राबायचं कुठे: हक्काच्या मतांत की दुभंगलेल्या?

अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत स्वयंसेवक म्हणून उतरायचं, तर आधी वेळेचा हिशेब करावा लागतो. संध्याकाळचे दोन तास हक्काच्या मतदारांना बाहेर काढण्यात घालवायचे, की दोघांत मन अडकलेल्यांच्या दारात? ही निवड समजून घ्यायला 2008 ची डेमोक्रॅटिक लढत फार उपयोगी आहे. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्या धोरणांत फरक थोडा होता, मतदारवर्गांत मात्र मोठा.

क्लिंटन यांच्यामागे पन्नाशीपुढच्या महिला, कॉलेजात न गेलेले गोरे कामगार आणि कॅलिफोर्निया-टेक्सासमधले लॅटिनो. ओबामांमागे तरुण, पदवीधर आणि कृष्णवर्णीय. यातला शेवटचा वर्ग सुरुवातीपासून त्यांचा नव्हता. क्लिंटन कुटुंबाशी त्याचा जुना जिव्हाळा होता. अटलांटाचे काँग्रेस सदस्य जॉन लुईस यांनी ऑक्टोबर 2007 मध्ये हिलरींना पाठिंबा दिला आणि फेब्रुवारी 2008 मध्ये ते ओबामांकडे आले. दरम्यान 3 जानेवारीला बहुतांश गोऱ्या आयोवात ओबामा जिंकले आणि ‘गोरे लोक याला मत देणार का?’ ही शंका मिटली. 26 जानेवारीला साउथ कॅरोलिनात निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. त्यांतल्या जवळपास पाचांपैकी चौघांनी ओबामांना मत दिलं. म्हणून दारात उभं राहून जुन्या निष्ठेला नावं ठेवू नका. माणूस हटून बसतो. त्याची शंका कोणती, ते विचारा आणि तेवढीच सोडवा.

हक्काच्या मतांचं गणित वेगळं. डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्यांत मतांच्या प्रमाणात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, वाटले जातात. दोघांतच लढत असेल आणि मतदारसंघाला 4 डेलिगेट असतील, तर 55 टक्के मिळवूनही वाटणी 2-2 च होते. 3-1 साठी 62.5 टक्क्यांच्या वर जावं लागतं. 3 डेलिगेट असतील तर निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की 2-1. सम आकड्याच्या मतदारसंघात काठावरच्या आघाडीसाठी घाम गाळणं बहुधा वाया जातं, विषम आकड्यात तेच कष्ट फळतात. हे न पाहता नुसती मतदारयादी हातात घेऊन निघणारे कार्यकर्ते दमतात आणि हाती काही लागत नाही.

5 फेब्रुवारी 2008 चीच दोन राज्यं बघा. मराठी मंडळी मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीत दहा लाखांहून जास्त मतं पडली, क्लिंटन जिंकल्या, डेलिगेट 59-48: आघाडी 11 ची. आयडाहोत प्रायमरीऐवजी कॉकस होता, म्हणजे ठरलेल्या वेळी जमून उमेदवार निवडायची सभा; तिथे एकवीस हजारांच्या आसपास लोक आले, ओबामांना 15, क्लिंटनना 3: आघाडी 12 ची. टेक्सासमध्ये मार्चमध्ये क्लिंटन प्रायमरी जिंकल्या, तरी एकूण डेलिगेट ओबामांना जास्त मिळाले. एक कारण तिथला कॉकस. दुसरं, डेलिगेटचा कोटा आधीच्या निवडणुकांतल्या डेमोक्रॅटिक मतांवरून ठरला होता. ऑस्टिनच्या मतदारसंघाला 8, तर दक्षिणेतल्या लॅटिनोबहुल भागांना तीन-चारच.

आमचं मत स्पष्ट आहे: कॉकस असेल तर हक्काचे लोक गाठा, कारण तिथे तास-दोन तास थांबायची तयारी फक्त त्यांचीच असते. प्रायमरी असेल आणि निकाल डेलिगेटच्या एखाद्या टप्प्याजवळ अडकलेला असेल, तर दुभंगलेल्यांकडे जा. आता बहुतेक राज्यांनी कॉकस सोडून प्रायमरी धरली आहे, त्यामुळे हे दुसरं काम वाढलंय.

दारात जाण्याआधी राज्याचा नियम पाठ हवा. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलेला मतदार मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो. दुसऱ्या पक्षात नाव असलेल्याला मात्र 55 दिवस आधी बदल करावा लागतो. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाहीच, पण प्रायमरीत एका पक्षाची मतपत्रिका घेतली की कोणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीतही तोच पक्ष. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण देणगी देता येते. एच-वन-बी वाल्यांना देणगीही नाही. बिनपगारी फोन आणि दारोदार फिरणं तेवढं चालतं.