मोठ्यांशिवाय दोन दिवस : मुलांच्या एका निवासी शिबिराविषयी

दहा ते चौदा वर्षांच्या सोळा मुलांनी दोन दिवस आणि दोन रात्री कोणाही मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय आपले आपण राहायचे, अशी कल्पना असलेल्या एका शिबिराला माझी मुलगी नुकतीच जाऊन आली. प्रशिक्षक मुलांच्या नजरेआड, पण हाकेच्या अंतरावर मुक्काम करतात. दोघा पालकांना त्यांच्यासोबत थांबता येत असल्यामुळे बरेच काही मला प्रत्यक्ष पाहता आले.

सुरुवातीचे सत्र मला फार आवडले. दगडावर दगड घासून जाळ काढण्यासारख्या करामतींत वेळ न घालवता तेथे प्रशांत महासागरातील टोंगा या बेटांच्या देशातील सहा मुलांची खरी हकिकत सांगितली गेली. १९६५ साली वसतिगृहातून होडीने पळालेली ही मुले वादळात सापडून आटा या निर्जन बेटाला लागली आणि १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला सापडेपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा महिने, तेथे तगून राहिली. त्यांनी जोड्या करून बाग, स्वयंपाक आणि पहारा यांच्या पाळ्या लावल्या, एकदा पेटलेला विस्तव विझू दिला नाही, पोकळ केलेल्या ओंडक्यांत पावसाचे पाणी साठवले आणि भांडण झाले की दोघांनी राग शांत होईपर्यंत वेगळे राहायचे, हा नियम पाळला. एकाचा पाय मोडला, तेव्हा इतरांनी तो काटक्या लावून बांधला आणि त्याची कामेही उचलली.

ही हकिकत मुलांच्या डोक्यात किती उतरली, ते पहिल्याच रात्री दिसले. तंबू उभारायला सगळेच धावले होते, पाण्याच्या पिंपाकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. नळ नीट बंद न झाल्यामुळे अंधार पडेपर्यंत पिंप अर्धे रिकामे झाले. बराच वेळ एकमेकांवर ओरडून झाल्यावर सर्वांत लहान मुलीने खोक्याच्या झाकणावर कोळशाने पाळ्यांचा तक्ता काढला आणि त्यात पाण्याचे काम सर्वांत वर लिहिले. पहाटेच्या पाळीत माझ्या मुलीला झोप लागली व शेकोटी विझली, तेव्हा तिला कोणी बोल लावला नाही. पुढच्या रात्री पहाऱ्याला एकाऐवजी दोघे बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र आयोजकांनी स्वतःच्याच शिकवणीवर पाणी फिरवले. त्यांनी मुलांचे दोन गट पाडले, दोन्हींचे नायक स्वतःच नेमले आणि कामांना गुण द्यायला सुरुवात केली. तासाभरात एका गटाने काडेपेट्या लपवल्या. गुणांशिवाय मुले कंटाळतात, असे आयोजकांचे म्हणणे पडले. ते मला अजिबात पटत नाही, कारण आदल्या रात्री तक्ता काढणाऱ्या मुलीला कोणीही गुण देऊ केले नव्हते. नायक मुलांनी निवडला असता, तर त्याला जाबही मुलांपुढेच द्यावा लागला असता.

प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि ती वाजताच प्रशिक्षकांनी धावून यायचे, ही व्यवस्था चोख होती. पण दम्याचा त्रास असलेल्या एका मुलाचा पंप प्रशिक्षकांच्या तंबूत ठेवलेला मला दिसला. तो त्याच्या खिशातच असायला हवा होता. मी सांगितल्यावर लगेच देण्यात आला, तरी नाव नोंदवताना आपल्या मुलाची औषधे कोणाजवळ राहणार आणि गुणांची स्पर्धा वगळता येईल का, हे पालकांनी आधीच स्पष्टपणे विचारून घ्यावे.