सोलरसाठी कर्ज: गृहकर्जावर टॉपअप की सूर्यघर?

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलंय, व्हेंडरचं कोटेशन हातात आहे आणि पैसे कुठून उभे करायचे एवढाच प्रश्न उरलाय, अशांसाठी हे लिहितोय. नेट मीटर म्हणजे काय, आपल्याला किती किलोवॅट लागतील, हे तुम्ही एव्हाना वाचलेलं असणार. मी तीन किलोवॅटचं बसवलं. तेव्हा विचार करण्यासारखे पर्याय दोनच होते: चालू गृहकर्जावर टॉपअप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढवून घेतलेलं कर्ज, नाहीतर घरगुती सोलरसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतलं कर्ज. व्हेंडर तिसरा सुचवतोच, 'झिरो पर्सेंट ईएमआय'. त्याला एवढंच विचारा की रोख दिले तर किती कमी कराल. तो जो आकडा सांगेल, ते व्याज.

व्याजदरात सूर्यघर सरस आहे, त्यावर वाद नको. ३ किलोवॅटपर्यंत रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक अर्धा टक्का, असं साधारण सूत्र. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा रेपो साडेसहा होता, त्यामुळे कर्ज सातच्या आसपास मिळायचं. २०२५ मध्ये रेपो उतरला तसं तेही सहाच्या जवळ आलं. ३ किलोवॅटच्या वर गेलात की दर वेगळा लागतो, आणि मग हा फायदा बराचसा आटतो.

गंमत अशी की बँकेत बसून हप्ता विचारला तर टॉपअपच स्वस्त वाटतो. समजा टॉपअप ९ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. लाखाला हप्ता पडतो साधारण १,०१४ रुपये. सूर्यघर ६ टक्क्यांनी १० वर्षं धरलं तर १,११०. काउंटरवरचा माणूस हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. पण पहिल्यात लाखावर व्याज जातं ८२ हजारांच्या वर, दुसऱ्यात ३३ हजार. मलाही बँकेत "एवढ्याशा रकमेसाठी वेगळी फाइल कशाला करता साहेब, टॉपअप घ्या, लगेच होईल" असंच सांगितलं होतं. त्यांचंही चुकत नाही म्हणा. दीड-पावणेदोन लाखांच्या कर्जाला कागद तेवढेच लागतात आणि त्यांच्या टार्गेटमध्ये ते दिसतही नाही.

तरी खरं सांगायचं तर माझा निर्णय व्याजावर झाला नाही. टॉपअपच्या मंजुरीपत्रात एक ओळ होती: मूळ कर्ज आणि टॉपअप, दोन्ही पूर्ण फिटेपर्यंत मिळकतीचे मूळ दस्त बँकेकडे तारण राहतील. माझं गृहकर्ज शेवटच्या टप्प्यात होतं. खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), जुन्या मालकाच्या दस्तांची साखळी, सगळी फाइल एकदाची घरी येणार म्हणून आम्ही दोघं वाट बघत होतो. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. पण तो लागू होतो सगळं फिटल्यावर. म्हणजे गच्चीवरच्या पॅनलपायी अख्ख्या घराचे कागद आणखी १५ वर्षं दुसऱ्याच्या तिजोरीत. शिवाय टॉपअपसाठी नव्याने व्हॅल्युएशन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, प्रोसेसिंग फी हे होतंच. ते मी एक वेळ सोसलं असतं. कागदांचं मात्र मनाला पटेना. सूर्यघरच्या कर्जाला घर गहाण पडत नाही, तारण फार तर ती यंत्रणाच.

आता सूर्यघरचा जाच. त्यात सगळीकडे नाव एक लागतं. वीजबिलावर, अर्जावर, बँक खात्यावर. आपल्याकडे किती घरांत बिल अजून वडिलांच्या नाहीतर आधीच्या मालकाच्या नावाने येतं, ते आठवून बघा. आमचंही वडिलांच्याच नावाने होतं. आधी वीज कार्यालयात नाव बदलून घेतलं, मगच योजनेच्या पोर्टलवर हात घातला. बाकी पोर्टलवर सोप्पं आहे असं सगळे म्हणतात. माझ्या मते सोप्पं नाही, पण जमण्यासारखं आहे. खर्चाचे दहा टक्के स्वतःचे घालावे लागतात, त्याचीही तयारी ठेवा.

सरकारी सबसिडी दोन्हीकडे तीच, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. ती येते शेवटी, यंत्रणा बसून, तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) झाल्यावर. आली की लगेच कर्जात भरून टाका. दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. मी तसंच केलं आणि हप्ता खाली आणून घेतला. आता जुन्या बिलात हप्ता भागून वर थोडे उरतात, असा माझा अंदाज. वहीत मांडून बघितलेलं नाही. पावसाळ्यात गणित जरा डळमळतं, आणि युनिट शून्य झाले तरी बिलातला स्थिर आकार जात नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

टॉपअप वाईटच, असं नाही. सूर्यघरचं कर्ज फक्त सोलरला मिळतं. तुम्हाला त्याच वेळी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वर उष्णता परतवणारा पांढरा थर, पश्चिमेच्या खिडक्या असं सगळं उरकायचं असेल, आणि गृहकर्ज तसंही अजून बारा-पंधरा वर्षं चालणार असेल, तर टॉपअपला अर्थ आहे. फक्त मुदत स्वतःहून कमी करून मागा, आपणहून कोणी देत नाही. गच्चीची गळती असेल तर ते काम पॅनलच्या आधी करा, नंतर स्ट्रक्चर उचलायला कोणी तयार होत नाही. पंख्यांसाठी मात्र दोन्हीपैकी कुठलंच कर्ज नको. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. ते खिशातून, एकेक करून बदला.

गृहकर्ज संपत आलं असेल किंवा नसेलच, तर मी सूर्यघरकडेच बोट दाखवीन. बँकेत जाण्याआधी शेवटचं वीजबिल काढून त्यावरचं नाव तेवढं बघा.